दुखत नाही, म्हणून फोटो टाळू नका

ऑक्टोबर 2000 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला. पुढच्या वर्षी उजव्याची पाळी आली. तेव्हापासून ‘वाटी बदलणे’ हा शब्द घरोघरी ऐकू येऊ लागला. अहिल्यानगर जिल्ह्यातली आजीसुद्धा आता नवा सांधा बसवून काठीवाचून देवळात जाते. मग पुन्हा डॉक्टरकडे कशाला जायचे, असे घरचे म्हणतात. इथेच चूक होते.

सांधा धातूचा असला, तरी भोवतालचे हाड जिवंत असते. हाड अंगावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवते, हे युलियुस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने 1892 सालीच मांडले. खुब्यात बसवलेली धातूची दांडी हाडापेक्षा कितीतरी ताठ असते. बराचसा भार तीच पेलते. थोरल्याने सगळे ओझे उचलले की धाकटा आळसावतो ना? तसे वरच्या भागातले हाड विरळ होते. उलट, दांडीच्या टोकाशी ताण एकवटतो. तिथे हाड जाड होते, कधी मांडीही दुखते.

हे कळावे कसे? पहिला उपाय साध्या एक्स-रेचा. दांडीभोवतालच्या हाडाचे 7 भाग कल्पून डॉक्टर प्रत्येक भाग जुन्या फोटोशी ताडून पाहतात. हाडालगतची काळी रेघ दर फोटोत रुंदावत गेली, तर सांधा सैल होत असल्याची शंका येते. आणि तोवर रुग्णाला काहीच दुखत नसेल! मात्र साध्या फोटोत विरळपणा दिसेपर्यंत हाडातले सुमारे 30 टक्के खनिज गेलेले असते. ‘डेक्सा’ तपासणीत ही घट आधीच मोजता येते. ‘बोन स्कॅन’मध्ये शिरेतून टोचलेले टेक्निशियम हाडाची घडामोड जोरात चालते तिथे गोळा होते. पण शस्त्रक्रियेनंतर वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ, ती जागा उजळच दिसते. तेव्हा एकाच चित्रावरून घाबरू नये.

सारी मदार आहे ती तुलनेवर. शस्त्रक्रिया पुण्याला आणि पुढची तपासणी नगरला, संगमनेरला किंवा लोणीच्या प्रवरा रुग्णालयात, असे झाले तर पहिला फोटो बरोबर हवाच. तो सातबाराच्या उताऱ्याइतकाच जपून ठेवा, आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका. सैल सांधा वेळीच कळला, तर हाड शाबूत असते आणि दुरुस्ती सोपी जाते.