नोकरी आणि लेखणी : वह्या वेगळ्या असाव्यात

एका घरात दोन धंदे असले तरी त्यांच्या वह्या निरनिराळ्या असतात, हे पेढीवर वाढलेल्या माणसास सांगावे लागत नाही. कीर्द एकत्र झाली की नफा कोणत्या धंद्याने दिला व कोणत्या धंद्याने तो खाल्ला, हे वर्षअखेरीस उमगत नाही. आपल्या समाजातील पुष्कळ तरुण आज बँकांत, कचेऱ्यांत व कारखान्यांत नोकरी करतात. त्यांतील काहींच्या हाती चांगली लेखणी आहे. भाषांतरे, संस्थांचे अहवाल, जाहिरातींचा मजकूर, नियतकालिकांतील लेख अशी कामे मोबदला घेऊन करावी, असे त्यांच्या मनात असते. त्यांनी हाच जुना नियम पाळावा, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

पहिली वही वेळेची. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप १८३४ पासून १८६७ पर्यंत टपालखात्यात नोकरीस होते. आरंभीची कित्येक वर्षे लेखनाने त्यांना पुरेशी प्राप्ती करून दिली नाही. घर चालले ते पगारावर. पुढे ते पहाटे साडेपाचला मेजाशी बसत आणि घड्याळ समोर ठेवून दर पाव तासास २५० शब्द लिहीत. वेळेवर उठविण्याबद्दल चाकरास वर्षाला ५ पौंड अधिक देत. रोजच्या पानांची नोंद ते डायरीत करीत, त्यामुळे आळसात गेलेला दिवसही तेथे दिसे. ही रोजकीर्दच होय! प्रत्येकास पहाट मानवेल असे नाही. परंतु आठवड्याचे तास आधी ठरवावे व त्यांत मावेल तेवढेच काम पत्करावे.

दुसरी वही हक्कांची. प्रथम आपले नेमणूकपत्र वाचावे. केंद्र सरकारच्या सेवकांस १९६४ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे प्रसंगोपात्त वाङ्मयीन काम पूर्वपरवानगीवाचून करता येते. मात्र कर्तव्यात उणेपणा येता कामा नये. खाजगी नोकरीत जशी अट असेल तसे वागावे व परवानगी लेखी घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचे काम म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, सामान्यतः धनीच असतो. म्हणून कचेरीचे लेखन व स्वतःचे लेखन यांची सरमिसळ करू नये.

याबाबत आमची चूक सांगतो. एका संस्थेच्या सुवर्णमहोत्सवासाठी आम्ही तिचा इतिहास केवळ तोंडी बोलीवर लिहून दिला. निम्मा मोबदला आलाच नाही, आणि पुढे तोच मजकूर दुसऱ्याच्या नावाने छापलेला पाहिला. पेढीवरून एक पोतेही चिठ्ठीवाचून बाहेर जाऊ दिले नसते, पण येथे ओळखीची भीड पडली. हक्क लेखी व सहीनिशी दिल्यावाचून दुसऱ्याकडे जात नाहीत, अर्थात ते आमचेच होते, हे कळले तेव्हा फार उशीर झाला होता. करारात काम, मोबदला, मुदत व प्रदेश यांचा स्पष्ट उल्लेख असावा. मुदत न लिहिल्यास ती ५ वर्षांची व प्रदेश न लिहिल्यास तो भारतापुरता मानला जातो.

तिसरी वही पैशाची. लेखनासाठी बँकेत स्वतंत्र खाते ठेवावे, प्रत्येक कामाचे बिल द्यावे, नव्या गिऱ्हाइकाकडून काही रक्कम आगाऊ घ्यावी. दर ठरविताना वाचन, चौकशी व दुरुस्त्या यांचा वेळही धरावा. हे उत्पन्न पगाराहून निराळे दाखवावे लागते. धनी पगारातून कापतो त्या करात याचा हिशेब नसतो. कापलेला कर वजा जाता वर्षाचा देय कर १०,००० रुपये वा अधिक होत असल्यास तो आगाऊ हप्त्यांनी भरावा लागतो. वस्तू व सेवा कराची नोंदणी बहुतेक राज्यांत सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेल्यास करावी लागते. तोवर नवोदिताने त्याची धास्ती घेऊ नये.

नोकरी केव्हा सोडावी, असे आम्हांस विचारले जाते. याचे उत्तर या तीन वह्याच देतील. लागोपाठ दोन वर्षे लेखनाची वसुली घरखर्च भागवून शिल्लक दाखवील, तेव्हा विचार करावा. तोपर्यंत पगार हेच भांडवल समजावे. येत्या दीपावलीस घरच्या वह्यांशेजारी ही लहानशी वहीही पूजेस मांडावी, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात पहिली खरी रक्कम लिहावी.