बंदूक पेलवली नाही, तरी चाक हाती धरता येते



फौजेतून निवृत्त होऊन गावी आलेला माणूस आपल्या सिंधुदुर्गाला नवा नाही. सावंतवाडी तालुक्यातील आंबोली, गेळे, चौकुळ या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलगे बेळगावच्या मराठा पलटणीत भरती होत आले आहेत. असा माणूस वयाने सत्तरी गाठतो, गुडघे कुरकुरतात. पण सीमेवर काही घडल्याची बातमी आली, की त्याला घरात बसवत नाही. आपण काय करू शकतो, हा एकच प्रश्न त्याला छळू लागतो.

या प्रश्नाचे एक साधे उत्तर २०१९ साली एका जुन्या जवानाने दिले. ते जवान म्हणजे राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे. त्या वर्षी १४ फेब्रुवारीला पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर हल्ला झाला आणि ४० जवान शहीद झाले. तेव्हा अण्णांचे वय ८१ वर्षांचे होते आणि उपोषणामुळे प्रकृतीही खालावली होती. त्यांनी सांगितले, की या वयात मला बंदूक धरता येणार नाही. पण वेळ आली तर जवानांची ने-आण करणारी गाडी मी नक्की चालवीन.

हे नुसते आवेशाचे बोल नव्हते. अण्णा सैन्यात होते ते वाहनचालक म्हणूनच. १९६५ च्या युद्धात पंजाबात खेमकरण भागात त्यांच्या गाडीवर हल्ला झाला. सोबतचे जवान मारले गेले, अण्णा तेवढे वाचले. उरलेले आयुष्य लोकांच्या कामी लावायचे, असे त्यांनी ठरवले. १९७५ मध्ये निवृत्ती घेऊन ते पारनेर तालुक्यातील आपल्या कोरडवाहू गावी परतले. पुढे त्या गावात नाल्यांना बांध पडले, चराईबंदी आली, झाडे लागली, विहिरींना पाणी चढले. ही हकीकत आपण सर्वजण जाणतोच.

मला मोल वाटते ते त्यांनी मागितलेल्या कामाचे. आपल्या अंगाला आज काय झेपेल ते त्यांनी ओळखले आणि तेवढेच मागितले. रसद पोचवणारा चालक गोळी झाडत नाही. पण त्याची गाडी अडली, की पुढची फळी उपाशी राहते. आता ८१ वर्षांच्या माणसाला सैन्य गाडी चालवायला बोलावणार नाही, हे उघड आहे. परंतु पिछाडीचे काम फक्त छावणीतच असते असे नाही. ते आपल्या वाडीतही असते.

मे २०२५ ची गोष्ट आठवा. भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला आणि रजेवर आलेल्या कितीतरी जवानांना रजा अर्धी टाकून परतावे लागले. कोकणात मे महिना म्हणजे केवढी धांदल! आंबा उतरायचा, घर शाकारायचे, लाकूडफाटा आत घ्यायचा, भाताचे बियाणे आणायचे. जवान गाडीत बसतो. कामे मात्र अंगणातच राहतात. मागे असते म्हातारी आई, पदरी लहान मूल असलेली बायको आणि डोक्यावर आलेला पाऊस. सीमेवर उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाला हा घोर पुरेसा असतो.

माजी सैनिकांनो, इथे तुमचे चाक आहे! गावातील कोण कोण आज सेवेत आहे, याची यादी ग्रामपंचायतीत बसून करा. प्रत्येक घरामागे दोन जुने जवान नेमा. जूनमध्ये तरवा वेळेवर पडला का, पुढे लावणीला माणसे मिळाली का, ते पाहा. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे आणि भुरीसाठी फवारणी चुकू देऊ नका. काजूच्या बागेभोवती गवत वाळण्याआधी जाळरेषा काढून घ्या. एका वणव्यात दहा वर्षांची मेहनत जाते. २०२१ पासून आलेली ई-पीक पाहणी मोबाईलवर नोंदवायला त्या घरच्या बाईला मदत करा, म्हणजे सातबारावर पीक कोरे राहणार नाही.

दुसरी काळजी जमिनीची. आपल्याकडे एका सातबारावर नावांची लांबलचक रांग असते. जवान दूर गेला, की गडगा हळूच सरकतो किंवा दाव्याची नोटीस येते. यासाठी १९२५ पासून सैनिकांच्या दाव्यांविषयी खास कायदा आहे. युद्धाच्या वा तशाच विशेष कामगिरीवर असल्यामुळे जवान हजर राहू शकत नसेल, तर जिल्हाधिकारी तसे न्यायालयाला कळवू शकतात आणि दावा तहकूब ठेवता येतो. दिवाणीप्रमाणे महसुली दाव्यांनाही हा कायदा लागू आहे. म्हणून नोटीस आली, की ती फडताळात ठेवून देऊ नका. लगेच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. ही पायपीट त्या घरातील बाईपेक्षा, फौजेची भाषा जाणणाऱ्या माजी सैनिकाला सोपी जाते.

एक पथ्य मात्र पाळा. मदत करायला गेलेल्याने घरचा कारभारी होऊ नये. काय करायचे ते आधी त्या आईला, त्या बायकोला विचारा. आंब्याच्या पेट्यांचा, मजुरीचा पै-पैचा हिशेब वहीत लिहून त्यांच्या हाती द्या. उपकाराची भाषा तर नकोच. पहारा बदलताना कोणी कोणावर उपकार करत नाही.

४ डिसेंबर २०२३ रोजी तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन साजरा झाला. आपल्या दर्यावर उभ्या असलेल्या युद्धनौका पाहून सगळ्यांची छाती फुगली. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधीही आपण देतो. हे सर्व योग्यच आहे. पण बाकीचे दिवस जवानाचे घर एकटे पडू नये, ही जबाबदारी गावाचीच. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि पावसापूर्वी यादी पुरी करा. बाग राखली आहे, आई बरी आहे, एवढा निरोप फोनवर मिळाला, तरी पहाऱ्यावरच्या पोराचे मन निवांत होते.