फिफ्टी सेव्हंटी की नाइन्टी सेव्हंटी?

नव्या पीसीसाठी पैसे साठवून बसला असाल, तर ही तुलना बघा. ५ मार्च २०२५ला एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० बाजारात आलं आणि लगेच दुसऱ्या दिवशी एएमडीची आरएक्स ९०७० आणि ९०७० एक्सटी ही जोडी. अमेरिकेत तेव्हा ५०७० आणि साधं ९०७० दोन्ही ५४९ डॉलरला होती, तर एक्सटी फक्त पन्नास डॉलरने महाग. थेट समोरासमोरची टक्कर!

आधी त्या गाजलेल्या दाव्याकडे बघू. जानेवारी २०२५मध्ये लास व्हेगासच्या सीईएसमध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी सांगून टाकलं, की ५०७० हे ४०९०च्या तोडीचा परफॉर्मन्स देईल. ४०९० म्हणजे मूळ १,५९९ डॉलरचं कार्ड. ऐकून लॉटरी लागल्यासारखंच वाटतं. पण त्या ४०९०मध्ये १६,३८४ कूडा कोअर आणि २४ जीबी मेमरी आहे. ५०७०मध्ये ६,१४४ कोअर आणि १२ जीबी. मग बरोबरी होते कशी? मल्टी फ्रेम जनरेशनने. कार्ड दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एआयने बनवलेल्या तीन फ्रेम घुसवतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात १२० एफपीएस झळकतात, पण गेम तुमच्या माउसला दाद देतो ती तीसच्याच वेगाने. सायबरपंक २०७७मध्ये नाइट सिटीत निवांत भटकताना हे चालून जातं, दिसतंही झकास. पण मुळात तीसवर रखडणारा गेम हाताला जडच लागतो, आकडा काहीही दिसो. ही जादू बाजूला ठेवली, तर ५०७० हे जुन्या ४०७० सुपरच्या आसपास राहील, असा माझा अंदाज आहे.

एएमडीची बाजू भक्कम आहे ती मेमरीत. दोन्ही कार्डांना १६ जीबी. या पिढीत सर्वात वरच्या गटात उतरायचंच नाही, असं कंपनीने ठरवलं होतं; एक्सटीचा रोख होता तेव्हाच्या ७४९ डॉलरच्या ५०७० टीआयवर. मेमरी कमी पडली की सरासरी एफपीएस ठीक दिसतात, पण ऐन मारामारीत गेम गचके खातो. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'सारखा गेम आजच किमान ८ जीबी मागतो. चार वर्षं कार्ड बदलायचं नसेल, तर १२ आणि १६मधला फरक छोटा नाही. रे ट्रेसिंग ही एएमडीची जुनी दुखरी नस. ती बरीच सुधारल्याचं कंपनी म्हणते. मशीन लर्निंगवर चालणारं एफएसआर ४ही या जोडीबरोबर आलं. अर्थात, एक्सटी ७९०० जीआरईपेक्षा ४के गेमिंगमध्ये ४२ टक्के वेगवान, हा आकडाही एएमडीच्याच चाचण्यांमधला. तेव्हा स्वतंत्र रिव्ह्यू वाचा आणि त्यात 'वन पर्सेंट लो' आधी बघा. गचके तिथेच पकडले जातात.

आता खिशाचं. एनव्हिडियाने २०२५मध्ये भारतात ५०७०ची किंमत ५९,००० रुपयांपासून सांगितली होती, ५०७० टीआयची ८०,०००. एक्सटीच्या ५९९ डॉलरचे रुपये करून १८ टक्के जीएसटी लावला, तर तेव्हा साठ हजारांच्या थोडं पुढे जात होतं. लॅमिंग्टन रोडवर प्रत्यक्षात काय भाव निघेल, हा वेगळा विषय! एएमडीने या जोडीचं स्वतःचं कार्ड विकायला काढलं नाही, त्यामुळे सगळं भागीदार कंपन्यांच्या हातात. जानेवारी २०२५अखेर ५०९० आणि ५०८० आली, तेव्हा अनेक ठिकाणी साठा काही मिनिटांत संपला होता. चढ्या भावाने घेऊ नका. साठ हजारांच्या आसपास मिळालं, तर माझं मत एक्सटीला. मात्र ते ३०४ वॉट खातं, ५०७० २५०; जुना पॉवर सप्लाय तपासून घ्या.

आणि तुमचा मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झचा असेल, खेळता मुख्यतः व्हॅलोरंट, तर यातलं काहीच नको. जुनं आरटीएक्स कार्ड असलं, अगदी २०६०सुद्धा, तर ड्रायव्हर अपडेट करा. डीएलएसएस ४चं नवं अपस्केलिंग त्यावरही चालतं, फुकटात.