एकच मोठं गिऱ्हाईक: विजयनगर पडलं आणि गोव्याचा घोड्यांचा धंदा बसला

व्हिडिओत शहाडचा विषय निघाला होता. शेजारच्या मोहोन्याची एनआरसी २००९ मध्ये बंद पडली, तेव्हा फटका फक्त कामगारांना बसला नाही. त्यांच्या पगारावर चालणारी आजूबाजूची दुकानंही अडचणीत आली. साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यात पोर्तुगीजांचं असंच झालं. व्हिडिओत ते नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी आदिलशाहीकडून गोवा घेतलं, १५१५ मध्ये हुर्मुझही ताब्यात आलं. दख्खनच्या राजांना लढाईसाठी अरबी-इराणी घोडे लागायचे आणि ते मुख्यतः हुर्मुझवरून यायचे. म्हणजे उगमही यांचा, बंदरही यांचं!

जकातीची पद्धत तर बघाच. घोडा गोव्यात उतरवताना जकात नाही. जहाजात घोडे असतील तर बाकीच्या मालालाही माफी, नसतील तर शेकडा ८. वसुली कुठे? घोडा गोव्याबाहेर विकायला निघाला की, दर घोड्यामागे ४२ होन. आणणाऱ्याला सवलत आणि पैसा विक्रीच्या टोकाला. डोकं होतं बुवा!

सर्वात मोठं गिऱ्हाईक विजयनगर. घोड्यांसोबत मखमल, साटीन, केशरही तिकडे जायचं आणि तिकडून सोनं, जवाहीर यायचं. १५४७ मध्ये तर करारच झाला: घोडे फक्त विजयनगरला, आदिलशहाला नाही. आपल्याला असा करार मिळाला तर आपण पेढे वाटू. पण या करारात दुसरं गिऱ्हाईक कागदावरच तोडलं होतं.

२३ जानेवारी १५६५ ला तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा पराभव केला. रामराय मारला गेला, राजधानी लुटली गेली.

पुढचा किस्सा उधारीवाल्यांनी दोनदा वाचावा. १५६७ मध्ये चेझारे फेदेरिची हा व्हेनिसचा व्यापारी घोड्यांच्या व्यापाऱ्यांसोबत गोव्याहून तिकडे गेला. त्याने लिहून ठेवलंय की रामरायाचा भाऊ तिरुमल याने दवंडी पिटवली: घोडे आणा, चांगला भाव देतो, लढाईत पकडले गेलेले घोडे आणले तर त्यांचेही पैसे देतो. चांगल्या भावाच्या आशेने व्यापाऱ्यांनी माल नेला. घोडे हातात आल्यावर तिरुमलाने दमडी न देता त्यांना वाटेला लावलं. फेदेरिचीचं काम महिन्याभराचं होतं, पण वाटेवरच्या चोरांमुळे तो सात महिने तिथेच अडकला.

आता हिशोब मांडा. जहाजं होती, हुर्मुझ होतं, माल होता. तरीही धंदा बसला, कारण पैसे देणारा राहिला नाही आणि रस्ता सुरक्षित राहिला नाही. शिवाय विजयनगरच्या धाकामुळे आदिलशहा दबून होता, तो धाकही गेला. १५७० मध्ये आदिलशहाने गोव्याला आणि निजामशहाने चौलला वेढा घातला. दोन्ही ठाणी पोर्तुगीजांनी राखली. पण विजयनगरचा दरबार तोवर आणखी लांब, पेनुकोंड्याला गेला होता.