कुंडी आणि वाफसा : अल्प जागेतील लागवडीची मराठी परिभाषा

एखादा व्यवसाय ज्या भूमीवर वाढतो, त्या भूमीचे गुणधर्म त्याच्या परिभाषेत मुरलेले असतात. व्यवसाय भूमी सोडून दुसरीकडे गेला म्हणजे शब्द त्याच्याबरोबर जातात. परंतु ज्या परिस्थितीमुळे ते शब्द पुरेसे ठरत होते, ती परिस्थिती मागे राहते. परसातील भाजीपाला गच्चीवर, गॅलरीत आणि खिडकीच्या कठड्यावर येऊन स्थिरावला, तेव्हा मराठीत हेच घडले. आळे, वाफा, कुंडी हे शब्द कायम राहिले. त्यांच्याखालची जमीन मात्र नाहीशी झाली. या स्थलांतराने शब्दार्थात कोणती उणीव उत्पन्न झाली, आणि ती भरून काढण्यास समर्थ असा कोणता शब्द मराठीजवळ पूर्वीपासूनच आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा नव्हे. कुंडीतील पुष्कळशी रोपे पाण्याच्या अभावी नव्हे तर पाण्याच्या अतिरेकाने दगावतात, आणि या हानीस अपुऱ्या शब्दांत दिलेली सूचनाही काही अंशी कारणीभूत असते.

१. धारणाचे शब्द

परस म्हणजे घराच्या मागील अंगाची मोकळी जागा. न्हाणीचे सांडपाणी जेथे जाते तेथे अळू आणि केळ, कुडावर किंवा मांडवावर घेवडा, दोडका, कारले, आणि विहिरीच्या कडेने मिरची, वांगी, कोथिंबीर, अशी तिची साधारण रचना. कोकणातील आगर आणि गोव्यातील कुळागर ही याच गृहलग्न लागवडीची विस्तृत रूपे होत. या लागवडीतील तीन शब्द येथे विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला शब्द आळे. झाडाच्या बुंध्याभोवती माती उकरून केलेला वर्तुळाकार खळगा, हा त्याचा अर्थ. संस्कृतातील ‘आलवाल’ या शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो, आणि अर्थाच्या बाबतीत दोहोंत काही अंतर पडलेले दिसत नाही. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात आश्रमकन्यांकडे सोपविलेले काम आलवाले भरण्याचे आहे, ‘रघुवंशा’च्या पहिल्या सर्गात आश्रमातील पक्षी आलवालातील पाणी पितात. ओतलेले पाणी इतस्ततः वाहून जाऊ नये, मुळाशीच राहावे, हे त्या खळग्याचे प्रयोजन तेव्हाही होते व आजही आहे.

दुसरा शब्द वाफा. चारी बाजूंनी लहान वरंबे घालून आखलेला जमिनीचा तुकडा म्हणजे वाफा. पाटाने आलेले पाणी त्यात कोंडून ठेवले जाते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नुसता ‘वाफा’ म्हटले म्हणजे पाणी राखणारा सपाट वाफाच अभिप्रेत असतो. कोवळ्या रोपांना साचलेल्या पाण्याने मर लागू नये म्हणून जेव्हा उंच, पाणी निथळून जाणारा वाफा करावयाचा असतो, तेव्हा भाषेला ‘गादी’ या पदाची जोड घेऊन ‘गादीवाफा’ असा सामासिक शब्द करावा लागतो. मूळ शब्दात जे गृहीत आहे त्याच्या उलट अर्थ सांगावयाचा असला म्हणजे विशेषक पदाची गरज पडते, या सामान्य नियमाचे हे चांगले उदाहरण आहे.

तिसरा शब्द कुंडी. त्याचे नाते संस्कृत ‘कुंड’ शब्दाशी आहे. कुंड म्हणजे खोलगट पात्र किंवा खड्डा. त्यात पाणी राहते, किंवा यज्ञाचा अग्नी राहतो. काहीतरी धरून ठेवणे हा त्याच्या अर्थाचा गाभा होय. पाखरांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या पात्रालाही कुंडीच म्हणतात. झाड लावण्याचे पात्र या अर्थी तोच शब्द वापरताना भाषेने पात्राच्या आकाराकडे लक्ष दिले. त्याच्या बुडाशी भोक असते, ही एकच गोष्ट त्याला पाण्याच्या कुंडीहून वेगळे करते, आणि नेमकी तीच गोष्ट नावात उतरलेली नाही.

तात्पर्य, या तिन्ही शब्दांत धारण हा समान अर्थघटक आहे. पाणी निघून जाण्यासाठी मराठीत ‘निचरा’ हा शब्द आहे. परंतु तो प्रायः जमिनीच्या वर्णनात येतो. ‘उत्तम निचरा होणारी जमीन’ ही शेतीविषयक लेखनातील रूढ पदावली आहे. तिच्यातील क्रियापद ‘होणे’ हे आहे. निचरा हा जमिनीचा स्वभाव. तो आपोआप घडतो किंवा घडत नाही. परसात ही शब्दयोजना पुरेशी होती. माणसाने पाणी धरावे आणि अधिकाचे पाणी जमिनीने स्वतः खाली न्यावे, अशी ती वाटणी होती. कुंडीत ही वाटणी मोडते.

२. कुंडीतील पाण्याचे वर्तन

जमिनीतील मातीचा स्तंभ खाली अखंड असतो. वरच्या थरात अधिक झालेले पाणी गुरुत्वाकर्षणाने आणि खालच्या कोरड्या कणांच्या ओढीने खोल उतरते. कुंडीतील स्तंभ मात्र बुडाशी एकाएकी संपतो. भोकाच्या पलीकडे माती नसते, हवा असते. मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांनी धरून ठेवलेले पाणी सहजासहजी हवेत गळत नाही. परिणामी भोक मोकळे असूनही बुडाशी पाण्याने पूर्ण भरलेला एक थर शिल्लक राहतो.

याची प्रचीती घेण्यास एक साधा प्रयोग पुरतो. पाण्याने चिंब झालेला लांबट स्पंज आडवा धरावा आणि त्यातून पाणी गळणे थांबले म्हणजे तोच उभा करावा. पाणी पुन्हा गळू लागते. स्पंज तोच, पोकळ्याही त्याच. केवळ उंची वाढल्याने त्याची धारणशक्ती कमी पडते. कुंडीतील भिजलेल्या थराची जाडी मातीच्या कणांवर अवलंबून असते. कुंडीच्या उंचीवर नव्हे. ही जाडी ५ सेंटिमीटर मानली तर सरळ बाजूंच्या १० सेंटिमीटर उंच कुंडीतील अर्धी माती चिखलाच्या अवस्थेत राहील. ३० सेंटिमीटर उंच कुंडीत हे प्रमाण सहाव्या हिश्श्यावर येईल. मेथी, कोथिंबीर, पालक यांना १५ सेंटिमीटर खोलीची माती चालते, तर टोमॅटो, वांगे, मिरची यांना ३० सेंटिमीटरच्या आसपास लागते. यामागे मुळांच्या लांबीइतकाच या ओल्या थराचाही हिशेब आहे.

कुंडीच्या तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे यांचा जाड थर दिल्याने निचरा सुधारतो, ही समजूत फार दृढ आहे. मृद्भौतिकी तिला पुष्टी देत नाही. बारीक पोकळ्यांतील पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत तेव्हाच उतरते, जेव्हा वरची माती पूर्ण भरलेली असते. त्यामुळे खडीचा थर दिला म्हणजे चिखलाचा थर नाहीसा न होता खडीच्या वर सरकतो आणि मुळांना तितकी जागा कमी पडते. भोकावर खापराचा एक तुकडा पालथा ठेवण्याची जुनी रीत निराळी. ती माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती आहे आणि तितकी योग्यच आहे. निचरा वाढवावयाचा असेल तर सबंध कुंडीतील मिश्रणच भुसभुशीत केले पाहिजे. दख्खनची काळी माती येथे विशेष अडचणीची ठरते. तिच्यातील चिकणमाती पाण्याने फुगते आणि सुकताना भेगाळते. शेतात हा तिचा ओल राखण्याचा गुण, तर कुंडीत दोष. म्हणून तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत आणि नारळाच्या सोडणाचा भुसा किंवा भाताचे तूस यांचे मिश्रण पसंत केले जाते.

ओलाव्याच्या अतिरेकाने रोप मरते ते हवेअभावी. मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो, आणि पाण्यातून त्याचे प्रसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट मंद असते. पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात, कुजू लागतात आणि पाणी शोषण्यास असमर्थ होतात. अशा वेळी रोप मान टाकते. तहानलेले रोपही मान टाकते. लक्षण एकच असल्याने पाहणारा आणखी पाणी घालतो, आणि उरलीसुरली मुळेही त्यात जातात.

३. वाफसा

या ठिकाणी शेतकऱ्याच्या भाषेतील एक शब्द उपयोगी पडतो. तो शब्द वाफसा. पाऊस पडून गेल्यावर शेतकरी लगेच पेरणी करीत नाही. तो जमीन वाफशावर येण्याची वाट पाहतो. ओल्या रानात पाभर घातली तर फणांना चिखल चिकटतो आणि पुढे ढेकळे होतात. फार उशीर केला तर ओल उडून जाते. मुरमाड रान लवकर वाफशावर येते, काळ्या रानाला अधिक दिवस लागतात. वाफसा ओळखण्याची रीतही सोपी आहे. मूठभर माती दाबली असता तिचा गोळा व्हावा, आणि तो खाली टाकला असता फुटावा. गोळाच होत नसेल तर ओल कमी. गोळा न फुटता चेपला, तर ओल अधिक.

कृषिशास्त्राच्या दृष्टीने ही अवस्था म्हणजे मातीच्या मोठ्या पोकळ्यांत हवा आणि कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा, अशी दोहोंची एकत्र उपस्थिती. भाषेच्या दृष्टीने या शब्दाचे दोन विशेष आहेत. पहिला असा की, ओलावा आणि हवा या दोन गोष्टी त्याने एकाच संज्ञेत बांधल्या आहेत. ‘ओल’ या शब्दात हवेचा निर्देश नाही आणि ‘निचरा’ या शब्दात शिल्लक राहिलेल्या पाण्याचा नाही. दुसरा विशेष व्याकरणिक आहे. वाफसा ‘येतो’, जमीन वाफशा‘वर येते’. या प्रयोगांत काळाची जाणीव आहे. निचरा हा जमिनीचा गुण सांगतो, तर वाफसा जमिनीची घटका सांगतो. पाणी केव्हा घालावे हा प्रश्न घटकेचा असल्यामुळे त्याचे उत्तर या शब्दात सामावते.

या संज्ञेचा अलीकडील प्रवासही लक्षणीय आहे. विदर्भातील सुभाष पाळेकर यांनी आपल्या नैसर्गिक शेतीपद्धतीची बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा अशी चार अंगे सांगितली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पद्धतीबरोबर हा मराठी शब्द इतर राज्यांत आणि इंग्रजी लेखनातही पोहोचला. मात्र या प्रवासात ‘वाफ’ या शब्दाशी असलेल्या त्याच्या रूपसाम्यावर भर पडून, मुळांना पाणी नको, बाष्प हवे, असा अर्थ रूढ होऊ लागला. वनस्पतिशरीरविज्ञानानुसार मुळे द्रवरूप पाणीच शोषतात. हवा लागते ती श्वसनासाठी. व्युत्पत्तीचे धागे कोणतेही असोत, संज्ञेचा अर्थ तिच्या व्यवहारातील प्रयोगावरूनच ठरविला पाहिजे, आणि शेतकऱ्याच्या मुठीतला गोळा हा येथील व्यवहार होय.

४. गच्चीची अट

कुंडी गच्चीवर गेली म्हणजे आणखी एक मर्यादा पडते. ‘गच्ची’ या शब्दाच्या मुळाशी फारसी ‘गच’ म्हणजे चुना, गिलावा हा शब्द आहे. ‘चुनेगच्ची’ या जोडशब्दात तो स्पष्ट दिसतो. पाणी मुरू नये म्हणून गिलाव्याने बंद केलेला पृष्ठभाग, असा अर्थ या नावातच आहे. जेथे पाणी मुरू द्यावयाचे नाही तेथे शेती करावयाची, हा गच्चीवरील लागवडीतील मूलभूत विरोध होय. निथळलेल्या पाण्याला उतार आणि वाट ठेवली नाही तर गळती सुरू होते. कुंडीखालच्या ताटलीत ते आठवडाभर साचू दिले तर डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासांची पैदास होते.

भाराचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात (१९८७) वावर असलेल्या सपाट छतासाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलोग्रॅम इतका उपयोगभार धरला आहे. ओली माती दर घनमीटरला सुमारे १६०० किलोग्रॅम भरते. यावरून २० सेंटिमीटर जाडीचा सलग वाफा दर चौरस मीटरला ३२० किलोग्रॅम भार टाकील. अर्थात परसातला वाफा जसाच्या तसा गच्चीवर नेणे धोक्याचे आहे. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडे वापरून पिशव्यांत व पिंपांत भाजीपाला वाढविण्याची पद्धत प्रचारात आणली. ‘प्रयोग परिवारा’चे श्री. अ. दाभोळकर यांनीही घरातला काडीकचरा कुजवून त्यातून सकस माती घडविण्यावर भर दिला. मातीचा बहुतांश भाग पालापाचोळ्याच्या कुजीने भरून काढल्याने भार पुष्कळ घटतो आणि मिश्रण भुसभुशीत राहिल्याने वाफसाही टिकतो. दोन्ही अडचणींचा परिहार येथे एकाच उपायाने साधतो.

५. उपसंहार

नव्या व्यवहारासाठी परिभाषा घडविताना परभाषेतील संज्ञेला संस्कृत प्रतिशब्द शोधण्याकडे अभ्यासकांचा ओढा असतो. प्रस्तुत उदाहरणात तशी गरज नाही. बागकामाच्या पुस्तिकांत ‘कुंडीला रोज पाणी घालावे’ असे वाक्य पुष्कळदा आढळते. त्या वाक्यात ऋतू नाही, माती नाही, कुंडीची उंची नाही. वैशाखात पुण्याच्या गच्चीवरील मातीच्या कुंडीस ते लागू पडेल, आणि श्रावणात मुंबईच्या गॅलरीतील प्लॅस्टिकच्या डब्यात तेच रोपाच्या मुळावर येईल. त्याऐवजी ‘वाफसा पाहून पाणी घालावे’ एवढेच म्हटले, आणि मुठीतल्या गोळ्याची परीक्षा एका वाक्यात जोडली, तर वर्षभर व सर्वत्र पुरेल अशी सूचना तयार होते. बोट दोन पेरे मातीत खुपसून खालच्या थराची चिमूट काढली म्हणजे ही परीक्षा कुंडीतही करता येते. पृष्ठभाग कोरडा दिसला एवढ्यावरून निर्णय करू नये.

कृषिव्यवसायाशी संबंध तुटलेल्या नागर मराठीत हा शब्द आज क्वचितच ऐकू येतो. शहरी लागवडीच्या निमित्ताने तो पुन्हा प्रचारात आला, तर भाषेला एक नेमकी संज्ञा परत मिळेल, आणि कुंडीतल्या मिरचीचे रोपही वाचेल.