उन्हाळा, घर आणि तलावाची माती

मराठी साहित्यातला उन्हाळा बहुतेक वेळा आजोळच्या सुट्टीचा, आंब्याफणसांचा असतो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या धानपट्ट्यात, तो कामाचा ऋतू होता. ही घरातली कामे कोणती होती हे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. घराची आणि तलावाची दुरुस्ती एकाच मोसमात, एकाच मातीने होत असे. घराला माती लागे म्हणून तलावातला गाळ निघे. घराची ही गरज संपली आणि तलाव भरत गेले, मात्र पाण्याने नव्हे, गाळाने. प्रस्तुत लेखाचा विषय हा संबंध आहे.

उदाहरणादाखल गोंदिया जिल्ह्यातले नवेगावबांध घेऊ. अर्जुनी मोरगाव तालुक्यातले हे छोटेसे बाजारगाव. बांध त्याच्या नावातच आहे. सुमारे ११ चौरस किलोमीटरचा इथला तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. तलावाभोवतीच्या डोंगरांना सातबहिणी म्हणतात आणि त्यांतल्या एका शिखरावर कोलू पाटलांचे कोलासुर देव म्हणून ठाणे आहे. तलाव बांधणाऱ्या माणसाला देवपण देणारा हा मुलूख आहे. गोंड राजवटीत कोहळी समाजाने आणि पुढे मालगुजारांनी बांधलेले असे तलाव या पट्ट्यात सहा हजारांहून अधिक आहेत. त्यांच्या जोडीला लहान बोड्या आहेतच. नवेगावबांधचा तलाव आकाराने मोठा म्हणून नावाजला. पण खालील व्यवहार प्रामुख्याने गावालगतच्या लहान तलावांवर आणि बोड्यांवर चाले.

तलावाचे वर्ष असे. पावसाळ्यात तो भरतो. धान निसवताना पाऊस दगा देतो, तेव्हा त्याचे पाणी बांधीत सोडले जाते. त्यानंतर पाणी हळूहळू मागे सरकते. चैत्रात काठचा चिखल उघडा पडतो आणि वैशाखात त्याला भेगा जातात. परक्या माणसाला हा तलाव मेलेला वाटेल. गावाच्या लेखी मात्र आता तो माती देऊ लागलेला असे.

ही माती घरात कुठे कुठे जाई? पहिली जागा भिंत. हात-दीड हात जाडीची मातीची भिंत पावसाच्या माऱ्याने दरवर्षी झिजते. गाळाच्या चिकणमातीत धानाचा कोंडा किंवा तणस कालवून ती उन्हाळ्यात छाबली जाई. मग पांढऱ्या मातीचा पोतारा आणि शेणाचे सारवण. दुसरी जागा छप्पर. गावठी अर्धगोल कवेलू कुंभार तलावाच्या मातीचेच थापी. माकडांच्या उड्यांनी वर्षभरात फुटलेले कवेलू काढून नवे घालायचे, खालचे वर करायचे, याला इथे कवेलू फेरणे म्हणतात. मृगाचा पाऊस यायच्या आत ते उरकावे लागे. तिसरी जागा पाण्याचा माठ. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने नवा घडा भरायचा आणि त्यानंतर नवे माठ वापरात आणायचे, ही रीत ऐन वैशाखात येते हे लक्षात घेण्याजोगे आहे. चौथी जागा चूल. आणि जे उरे ते बैलगाडीने धानाच्या बांधीत.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा हे घर काय करी? जाड भिंत दिवसभर ऊन पीत राही. ते आतल्या अंगाला पोचेपर्यंत संध्याकाळ होई. तापलेली हवा कवेलूंच्या फटींतून वर निघून जाई. माठाच्या अंगातून झिरपणारे पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाई. पाळीखालच्या विहिरींना तलावाचा पाझर असे, त्यामुळे भर उन्हाळ्यात त्या उशिरा आटत. म्हणजे भिंत, छप्पर, माठ आणि विहीर या चारही वाटांनी तलाव घरात आलेला असे. वाळ्याच्या ताट्या हा सधन घरांचा थाट होता. बाकीच्यांची भिस्त मातीवरच होती.

दिवसाची वाटणीही उन्हावरूनच ठरे. पहाटे अंधारातच मोहफुले वेचायला निघायचे, कारण ती रात्री-पहाटे गळतात आणि ऊन चढायच्या आत घरी आणावी लागतात. मोह संपता संपता तेंदूपानांचा हंगाम लागे. सकाळी जंगलातून पाने आणायची, दुपारी ओसरीत बसून सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर द्यायचे. या कामाला घरातली पोरेटोरेही बसत. रात्री भात पाण्यात घालून ठेवलेला असे. सकाळी तो कांदा-मिरचीबरोबर खाऊन माणसे बाहेर पडत. याच दिवसांत तांदळाचे पापड, कुरड्या आणि वड्यांची वाळवणे होत. धीवरांच्या घरी आटत्या पाण्यातली मासळी सुकवली जाई. सर्व खटाटोप पावसाळ्यातल्या रोवणीच्या दिवसांसाठी, कारण तेव्हा बाई दिवसभर चिखलात उभी असते आणि स्वयंपाकाला हात मोकळा नसतो. रात्री आंगणात बाजा पडत. उघड्यावर झोपणे ही हौस नव्हती. दिवसभर तापलेली भिंत रात्री आत ऊब सोडू लागे. मातीच्या घराचे ते उणे होते.

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिची किंमत विसरता कामा नये. माती खणून गाडीत भरणे हे बहुधा पुरुषांचे काम. पण ती कालवणे, भिंती छाबणे, पोतारणे, सारवणे आणि विहिरीचे पाणी ओढणे हे सारे बायकांच्या अंगावर होते, तेही वाळवणे आणि तेंदूपाने सांभाळून. पक्के घर मिळाल्यावर ज्या बाईने सुटकेचा श्वास टाकला, तिला दोष देणे अन्यायाचे होईल.

बदल दोन दिशांनी आला. पहिली दिशा मालकीची. भंडारा-चांदा हे जिल्हे तेव्हा मध्य प्रदेशात होते. तिथल्या १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे महाराष्ट्रात लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मालगुजारीत वेठ होती, जुलूम होता. ती गेली हे योग्यच झाले. पण तिच्याबरोबर उन्हाळ्यात पाळ आणि तळ नीट करायची सक्ती गेली, आणि तिच्या जागी गावाची स्वतःची व्यवस्था उभी राहिली नाही. दुसरी दिशा घराची. विटा, सिमेंट, टिनाची पत्रे, स्लॅब, प्लॅस्टिकच्या टाक्या आणि गॅस आले. भिंत, कवेलू, माठ, चूल ही मातीची एकेक गिऱ्हाइके उठून गेली. बैलगाड्या कमी झाल्या आणि बांधीला रासायनिक खत मिळाले. पहिल्या बदलाची चर्चा पुष्कळ झाली, दुसऱ्याची फारशी नाही.

याचा साधा हिशेब मांडता येतो. एक हेक्टर तळावर एक सेंटिमीटर गाळ साचला तर तो १०० घनमीटर होतो. म्हणजे तलावातले एक लाख लिटर पाण्याचे घर गेले. एका बैलगाडीत अर्धा घनमीटर माती बसते असे धरले, तर तो काढायला २०० खेपा लागतात. गावातल्या पन्नास घरांनी उन्हाळ्यात चार-चार गाड्या नेल्या की काम झाले. कुणी त्याला तलावाची दुरुस्ती म्हणतही नसे. घरची माती आणली, एवढेच. आता त्याच कामाला अंदाजपत्रक आणि यंत्र लागते.

गाळ साचलेल्या उथळ काठावर बेशरमीची झुडपे माजतात. त्यांनी देशी पाणवनस्पती हटतात आणि त्यांच्या आसऱ्याने वाढणारी मासळीही घटते. अर्जुनी मोरगाव परिसरात धीवरांच्या काही सहकारी संस्थांनी यावर उपाय केला आहे. उन्हाळ्यात बेशरम उपटायची, उघडा पडलेला तळ नांगरायचा आणि पाऊस आल्यावर देशी वनस्पती पुन्हा लावायच्या. या कामात बायकांचा वाटा मोठा आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली. सुरुवातीला तिच्यात यंत्राच्या इंधनाचा खर्च सरकारचा आणि गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा होता. जुन्या साखळीतली बांधी तिने पुन्हा जोडली. घर मात्र बाहेरच राहिले.

ते पुन्हा जोडायचे तर सर्वांनी मातीच्या भिंतींकडे परतावे, असे मुळीच नाही. पण गावात दरवर्षी घरकुले बांधली जातात, त्यांच्या जोत्यांत आणि परसात भर टाकायला माती लागतेच. ती कुठून यावी, हे ग्रामसभेला ठरवता येईल. स्लॅबवर उन्हाळ्यापुरते कवेलू अंथरले तर रात्रीची धग कमी होते आणि कुंभाराच्या भट्टीलाही काम मिळते. अशा लहान मागण्या जमत गेल्या तरच वैशाखात तलावात कुदळ पडेल. मागणी घरातून आली नाही, तर ती कुदळ दर खेपेला सरकारी मंजुरीची वाट पाहत बसेल, आणि मृग तोवर थांबत नाही.