चरित्र-अभिनेता आणि काळी यादी : फिलिप लोब

चरित्र-अभिनेत्याला प्रेक्षक बहुधा त्याच्या भूमिकेच्या नावाने ओळखतात. ही अनामिकता त्याच्या कलेचे यश खरे. परंतु व्यवसायात तेच त्याचे मर्मस्थान ठरते. अमेरिकन नट फिलिप लोब (१८९१–१९५५) यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

लोब मूळचे रंगभूमीचे. थिएटर गिल्डच्या १९२५ मधील 'गॅरिक गेयटीज'चे दिग्दर्शन त्यांनी केले. 'रूम सर्व्हिस' (१९३७) हे प्रहसन आणि त्यावरील मार्क्स बंधूंचा चित्रपट या दोहोंत ते होते. 'ॲक्टर्स इक्विटी' या नटसंघटनेतही ते आग्रहाने झटत. १९४८ मध्ये गर्ट्रूड बर्ग यांच्या 'मी अँड मॉली' नाटकात त्यांनी जेक गोल्डबर्ग हा ब्राँक्समधील ज्यू कुटुंबप्रमुख उभा केला आणि जानेवारी १९४९ पासून तोच जेक सी.बी.एस.च्या 'द गोल्डबर्ग्ज' या मालिकेतून घरोघरी पोहोचला.

जून १९५० मध्ये 'रेड चॅनेल्स' ही पुस्तिका निघाली. कम्युनिस्टांशी कथित संबंध असलेल्या १५१ व्यक्तींच्या तीत लोब यांचेही नाव होते. आपण पक्षाचे सभासद नाही, असे त्यांनी सांगितले. पण ते ऐकून निवाडा देणार कोण? येथे न्यायालय नव्हते, आरोपपत्रही नव्हते. त्या काळच्या दूरचित्रवाणीत कार्यक्रमाचा खर्च एकेक प्रायोजक उचलीत असे, आणि ग्राहक रुष्ट होतील ही नुसती शंकाही त्याला पुरेशी होती. या मालिकेचा प्रायोजक 'जनरल फूड्स' होता. मालिकेची लेखिका व नायिका असलेल्या बर्ग यांनी लोब यांना काढण्यास प्रथम नकार दिला, ही गोष्ट त्यांच्या लौकिकास साजेशीच. तथापि १९५१ मध्ये मालिका बंद पडली. १९५२ च्या आरंभी लोब आर्थिक तडजोड करून बाहेर पडले. मालिका एन.बी.सी.वर पुन्हा सुरू झाली तेव्हा जेक होता, फक्त नट बदलला होता : हॅरल्ड स्टोन.

रंगभूमीचा आश्रयदाता तिकीट काढणारा प्रेक्षक. त्यामुळे तेथे काळ्या यादीची पकड सैल राहिली, आणि १९५२ च्या अखेरीस लोब 'टाइम आउट फॉर जिंजर' या नाटकात दिसले. पण नाटकाच्या प्राप्तीला दूरचित्रवाणीच्या साप्ताहिक वेतनाचे स्थैर्य कोठून यावे? १ सप्टेंबर १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात त्यांनी आपले जीवन संपविले.

'द फ्रंट' (१९७६) या चित्रपटातील हेकी ब्राउन या विनोदी नटाच्या शोकांतिकेला लोब यांच्या अखेरीचा आधार आहे. ती भूमिका त्यांचे मित्र झीरो मोस्टेल यांनी केली. चित्रपटाच्या अंतिम श्रेयनामावलीत मोस्टेल, दिग्दर्शक मार्टिन रिट व लेखक वॉल्टर बर्नस्टाइन यांच्या नावांसोबत प्रत्येकाचे नाव काळ्या यादीत गेल्याचे वर्ष दिलेले आहे.